आउटबॅकमधील रस्तेप्रवास आणि छायाचित्रण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेलबर्न, सिडनी किंवा ॲडलेडला मुलाबाळांकडे गेलेले आणि हाताशी बरा कॅमेरा असलेले अनेक हौशी मराठी छायाचित्रकार आठ-दहा दिवस काढून ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी, म्हणजे आउटबॅकमध्ये, गाडीने जाण्याचा बेत करतात. पुढील प्रश्न बहुतेक त्यांचेच आहेत. उत्तरे लिहिताना पोर्ट ऑगस्टा ते डार्विन हा सुमारे २,७०० किलोमीटरचा स्टुअर्ट हायवे आणि त्याला फुटणाऱ्या वाटा डोळ्यांसमोर ठेवल्या आहेत. त्यातही भर ॲलिस स्प्रिंग्ज हे गाव आणि उलुरू हा प्रचंड लाल खडक यांच्या परिसरावर आहे.

तयारीची सुरुवात कुठून करावी? लेन्स आधी ठरवावी की मार्ग?

दोन्ही नाही. आधी मुक्काम ठरवावेत. आउटबॅकमध्ये छायाचित्रासाठी सर्वांत चांगला उजेड सूर्योदयानंतरच्या आणि सूर्यास्तापूर्वीच्या तासाभरात मिळतो. कांगारू, एमू आणि इतर बरेच प्राणीही त्याच वेळी हालचाल करतात. आणि नेमक्या त्याच वेळी रस्त्यावर गाडी चालवणे सर्वाधिक धोक्याचे असते. या तिन्ही गोष्टी एकदा लक्षात आल्या की सहलीचे सूत्र आपोआप ठरते : जिथे छायाचित्र काढायचे आहे तिथेच किंवा तिथून अगदी जवळ रात्र काढायची आणि लांबचे अंतर भर उन्हात कापायचे. जो प्रवासी 'संध्याकाळी पोहोचू आणि सकाळी निघू' असा हिशेब करतो, त्याच्या हाती दुपारची पांढुरकी चित्रेच लागतात, मग त्याची लेन्स कितीही महागडी असो.

कोणता हंगाम योग्य?

मे ते सप्टेंबर, म्हणजे साधारण तिथला हिवाळा. जुलैमध्ये ॲलिस स्प्रिंग्जला दुपारचे सरासरी कमाल तापमान २० अंशांच्या आसपास असते. रात्री मात्र पारा अनेकदा शून्याखाली उतरतो, त्यामुळे पहाटे तिपाईपाशी उभे राहायचे तर लोकरीचे हातमोजे हवेतच. जानेवारीत कमाल तापमान सरासरी ३६ अंशांच्या घरात असते आणि अनेक पायवाटा उष्णतेमुळे बंद ठेवल्या जातात. हिवाळ्याचा आणखी एक फायदा असा की जूनअखेरीस ॲलिस स्प्रिंग्जला सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. सोनेरी उजेड गाठण्यासाठी अपरात्री उठावे लागत नाही.

दहा दिवसांत कोणता मार्ग करावा?

ॲडलेडहून निघाल्यास कूबर पेडी सुमारे ८५० किलोमीटरवर आहे आणि तिथून उलुरूलगतचे युलारा आणखी साधारण ७३० किलोमीटरवर. वाटेत एक मुक्काम पोर्ट ऑगस्टाच्या आसपास करावा, दोन रात्री कूबर पेडीला, तीन युलाराला, एक किंग्ज कॅन्यनला आणि उरलेल्या ॲलिस स्प्रिंग्जच्या पश्चिमेकडील डोंगररांगेत घालवाव्यात. गाडी ॲलिस स्प्रिंग्जलाच परत देऊन विमानाने परतणे सोयीचे. एकेरी भाडे जास्त पडते, पण दोन पूर्ण दिवस वाचतात. वेळ कमीच असेल तर विमानाने थेट ॲलिस स्प्रिंग्ज गाठावे. तिथून युलारा सुमारे ४५० किलोमीटरवर आहे आणि संपूर्ण रस्ता डांबरी आहे.

डार्विनपर्यंत जावे का? दहा दिवसांत जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अंतर कापल्याचे समाधान मिळते, चित्रे मात्र मिळत नाहीत. उत्तरेकडे जायचेच असेल तर ॲलिस स्प्रिंग्जच्या उत्तरेला, टेनंट क्रीकच्या अलीकडे सुमारे १०० किलोमीटरवर असलेल्या कार्लू कार्लूपर्यंत जावे. ग्रॅनाइटचे हे अजस्र गोटे झिजून गोल झालेले आहेत, त्यांतले काही एकमेकांवर तोलून ठेवल्यासारखे दिसतात आणि मुक्कामाची जागा अगदी त्यांच्या पायथ्याशी आहे. तंबूबाहेर पाऊल टाकले की समोर चित्र तयार असते. अशी सोय फार थोड्या ठिकाणी मिळते.

अंधार पडताना गाडी चालवणे खरोखरच इतके धोक्याचे आहे का? आपल्याला घाटातल्या रात्रीच्या प्रवासाची सवय आहे.

घाटातली सवय इथे उपयोगी पडत नाही. आपल्यासारखेच डावीकडून वाहन चालवायचे असते, रस्ता सरळसोट असतो आणि नॉर्दर्न टेरिटरी या प्रांतात त्याच्या काही भागांवर वेगमर्यादा ताशी १३० किलोमीटर आहे. त्यामुळे सारे सोपे वाटते. पण बऱ्याच रस्त्यांना कुंपण नाही. गुरे, रानटी उंट आणि कांगारू अंधारात अचानक समोर येतात आणि दिव्यांच्या झोतात बुजलेला कांगारू कोणत्या दिशेला उडी मारेल याचा नेम नसतो. प्राणी समोर आल्यास गाडी सरळ ठेवून ब्रेक दाबावा. चाक एकदम फिरवले की गाडी उलटण्याची भीती असते. भाड्याच्या गाडीच्या करारात गावाबाहेर रात्री वाहन चालवण्यास मनाई करणारे कलम बऱ्याचदा असते, आणि ते मोडल्यास विम्याचे संरक्षण जाते. करार सही करण्यापूर्वी वाचावा. कच्च्या रस्त्यांबाबतचे कलमही त्यातच असते. हिवाळ्यात दुपारी साडेचारपर्यंत मुक्कामी पोहोचायचे, असा नियम स्वतःला घालून घेतलेला बरा.

रस्त्यात एखादे दृश्य दिसले तर कुठेही थांबता येते का?

थांबता येते, पण रस्त्याची कड पूर्ण सोडून, वळण आणि चढाचा माथा टाळून आणि मागे पाहून. या महामार्गावर रोड ट्रेन धावतात, म्हणजे एका इंजिनामागे तीन-तीन डबे जोडलेले मालट्रक. त्यांची लांबी ५३.५ मीटरपर्यंत असते आणि त्यांना चटकन थांबता येत नाही. अशी गाडी शेजारून गेली की तिचा वारा उभी तिपाई आडवी करतो. कडेची वाळू भुसभुशीत असल्यास चाके रुततात, म्हणून आधी उतरून पाय रोवून पाहावे.

कुंपणापलीकडची जमीन एक तर खाजगी पशुपालन केंद्राची असते किंवा आदिवासी समूहांच्या मालकीची. तिथे परवानगीशिवाय जाऊ नये. दक्षिण ऑस्ट्रेलियात हा महामार्ग वूमेरा या लष्करी चाचणी क्षेत्रातून जातो, आणि तिथे रस्ता सोडून आत शिरायला मनाई आहे. कूबर पेडीत धोका पायाखालीच असतो. १९१५ मध्ये तिथे ओपल हे रत्न सापडल्यापासून खणलेल्या असंख्य खड्ड्यांची तोंडे उघडी आहेत, आणि 'मागे मागे चालू नका' अशा अर्थाच्या पाट्या लावलेल्या आहेत. चौकट नीट बसवण्यासाठी एक पाऊल मागे घेण्याची छायाचित्रकाराची खोड पाहता ही पाटी आपल्यासाठीच असावी, असे वाटते.

कोणते प्राणी दिसतील आणि ते शोधायचे कसे?

ताडोब्याची सवय असलेल्यांना येथे सुरुवातीला फार रिकामे वाटते. वाटाड्या नाही, जिप्सी नाही, 'कॉल' (वाघाची चाहूल लागलेल्या प्राण्यांची हाक) ऐकून धावाधाव नाही. शेकडो किलोमीटर फक्त झुडपे. म्हणून प्राण्याच्या मागे जाण्याऐवजी तो जिथे येणारच आहे तिथे बसून राहावे, आणि कोरड्या प्रदेशात अशी जागा म्हणजे पाणवठा. बुद्धपौर्णिमेला मचाणावर बसून प्राणिगणना केलेल्यांना हे सांगण्याची गरज नाही. ॲलिस स्प्रिंग्जच्या पश्चिमेकडील ऑर्मिस्टन घळ किंवा एलरी क्रीकच्या डोहापाशी सकाळी तासभर न हलता बसले की झेब्रा फिंच हे चिमुकले पक्षी थव्याने पाण्यावर उतरतात. पाऊस बरा झालेल्या वर्षी बजरीगरांचे हजारोंचे थवे एखादे हिरवे वस्त्र झटकावे तसे हवेत वळतात. आपल्याकडे पिंजऱ्यात 'लव्हबर्ड' म्हणून विकला जातो तो हाच पक्षी, हे त्या क्षणी पटत नाही.

ॲलिस स्प्रिंग्जजवळच्या सिम्पसन्स गॅपमध्ये काळ्या पायांचे खडक-वॉलबी (कांगारूचे छोटे भाऊबंद) सकाळी आणि संध्याकाळी खडकांच्या उतारावर येतात. ते खडकाच्याच रंगाचे असतात, म्हणून डोळ्यांनी आकार शोधण्यापेक्षा हालचाल शोधावी. लाल कांगारू, जो हयात शिशुधान (पिल्लासाठी पोटाला पिशवी असलेल्या) प्राण्यांमध्ये सर्वांत मोठा आहे, दुपारी झुडपाच्या सावलीत पहुडलेला असतो आणि ऊन उतरल्यावर चरायला निघतो. एमूच्या पिलांसोबत मोठा पक्षी दिसला तर तो नर समजावा, कारण अंडी उबवण्यापासून पिले वाढवण्यापर्यंतचे काम तोच करतो.

सरपटणाऱ्यांसाठी ऊन वर आल्यानंतरची वेळ चांगली. थॉर्नी डेव्हिल हा हाताच्या पंज्याएवढा काटेरी सरडा डांबरी रस्त्यावर फांदीच्या तुकड्यासारखा पडलेला दिसतो. त्याच्या कातडीवरील बारीक खाचांतून पाणी तोंडापर्यंत ओढले जाते. त्याचे चित्र रस्त्याच्या कडेला पालथे पडून, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवरून घ्यावे. अर्थात दोन्ही बाजूंनी वाहन येत नाही हे सोबत्याने पाहत राहायला हवे. पेरेंटी ही आपल्या घोरपडीच्या कुळातली, ऑस्ट्रेलियातील सर्वांत मोठी. तिची लांबी अडीच मीटरपर्यंत जाऊ शकते. ती दिसणे हा मात्र नशिबाचा भाग.

वेज-टेल्ड ईगल हा विशाल गरुड रस्त्यावर मेलेल्या कांगारूवर हमखास उतरलेला असतो. त्याच्या पंखांचा विस्तार दोन मीटरहून अधिक असतो, आणि पोटभर खाल्लेल्या गरुडाला उडायला वेळ लागतो, म्हणून दुरूनच वेग कमी करावा. गाडी कडेला घेऊन, इंजिन बंद करून आतूनच चित्र काढावे. गाडीला तो फारसा बुजत नाही, दार उघडताच मात्र उडतो.

उंटांबद्दलही विचारले जाते, कारण ते येथले वाटत नाहीत, आणि नाहीतच. १८६० मध्ये बर्क आणि विल्स या शोधप्रवाशांच्या मोहिमेसाठी सुमारे दोन डझन उंट कराचीहून जहाजाने मेलबर्नला आणले गेले. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होते! पुढे अफगाण, बलुची, सिंधी आणि पंजाबी उंटवाल्यांनी हा सारा प्रदेश मालवाहतुकीने जोडला, आणि मोटारी आल्यावर मोकळे सोडलेले उंट रानटी झाले. टेकाडावर मावळतीला उभा असलेला एकटा उंट हे म्हणूनच त्या इतिहासाचेही चित्र ठरते.

किती जवळ जावे?

प्राण्याने चरणे थांबवून मान वर केली की आपण जास्त जवळ आलो आहोत. तिथेच थांबावे, तो पुन्हा चरू लागला तर बसावे, नाही तर मागे सरावे. खाऊ घालून जवळ बोलावू नये. डिंगो या रानटी कुत्र्याच्या बाबतीत तर मुळीच नाही, कारण माणसाच्या अन्नाला सोकावलेला डिंगो पुढे धोकादायक ठरतो आणि बहुधा त्याचाच जीव जातो. रात्री प्राण्यांवर फ्लॅश मारू नये. उत्तरेकडे कॅथरीन गावाच्या पुढे गेल्यास मगरींमुळे पाण्याच्या काठापासून किमान पाच मीटर दूर राहावे, आणि पाण्यालगत तिपाई लावण्याचा मोह टाळावा.

रस्त्यावर मेलेला कांगारू दिसला तर काही करायचे असते का?

थांबणे सुरक्षित असेल तरच. मादी मेलेली असली तरी तिच्या पिशवीतले पिल्लू जिवंत असू शकते. पिल्लू आचळाला चिकटलेले असल्यास ओढून काढू नये, आणि जागेची नोंद करून प्रादेशिक वन्यजीव बचाव सेवेला फोन करावा. तो क्रमांक निघण्यापूर्वीच लिहून ठेवावा, कारण वाटेत इंटरनेट मिळेलच असे नाही.

लेन्स आणि इतर साहित्य काय न्यावे?

१००-४०० मिमीची एक आणि १६-३५ मिमीची एक, एवढ्यात जवळजवळ सर्व काही होते. शक्य असल्यास कॅमेऱ्याच्या दोन बॉडी न्याव्यात. धुळीत लेन्स बदलणे टळते, हे त्याचे मुख्य कारण. उड्या मारणाऱ्या कांगारूसाठी १/१००० सेकंद आणि उडत्या पक्ष्यासाठी १/२००० सेकंद शटर ठेवावे.

गाडीच्या खिडकीवर ठेवायची बीनबॅग तिपाईपेक्षा अधिक उपयोगी पडते, पण ती घरून भरून नेऊ नये. ऑस्ट्रेलियाचे जैवसुरक्षा नियम कडक आहेत आणि धान्य-बिया विमानतळावर जप्त होऊ शकतात. रिकामी पिशवी न्यावी, तिथल्या सुपरमार्केटमधून दोन किलो तांदूळ घेऊन भरावी आणि शेवटच्या मुक्कामी त्याच तांदळाची खिचडी करावी. सह्याद्रीत वापरलेले बूट आणि तिपाईचे पाय धुऊनच सामानात ठेवावेत; त्यांवरची माती अधिकाऱ्यांपुढे घोषित करावी लागते. सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिनच्या पिशवीतच न्याव्या लागतात.

इतका लाल रंग चित्रात का उतरत नाही, किंवा उतरलाच तर खोटा का वाटतो?

दोन वेगळ्या चुका आहेत. स्वयंचलित व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याची रंगछटा जुळवणारी सोय) चित्रात लाल जास्त दिसल्यावर ती 'चूक' समजून दुरुस्त करतो, आणि माती विटकरी होते. म्हणून व्हाइट बॅलन्स 'डेलाइट'वर ठेवावा आणि चित्र रॉमध्ये (सेन्सरची मूळ माहिती जपणाऱ्या फाइलमध्ये) काढावे. दुसरी चूक याच्या उलट. मावळतीच्या उजेडात सेन्सरची लाल वाहिनी इतर दोघींच्या आधी भरून वाहते, आणि एकूण हिस्टोग्राम (उजेडाच्या वाटणीचा आलेख) ठीक दिसत असतानाही खडकाचा पोत नाहीसा होऊन सपाट लाल डाग उरतो. कॅमेऱ्यात तिन्ही रंगांचा स्वतंत्र हिस्टोग्राम पाहावा आणि गरज पडल्यास दोन-तृतीयांश स्टॉप कमी उजेड द्यावा. पुढे संगणकावर रंगाची गडदता आणखी वाढवण्याचा मोह होतो. तो आवरावा; इथला निसर्ग मुळातच भडक आहे.

उलुरू मुळात करड्या रंगाच्या वालुकाश्माचा आहे. त्यातील लोह हवा-पाण्याने गंजून वरचा थर लाल झालेला आहे, आणि तिरप्या उजेडात हा गंजच पेटल्यासारखा दिसतो.

उलुरूचे छायाचित्र घेण्यावर बंधने आहेत, हे खरे का?

खरे आहे, आणि ती समजून घेण्यासारखी आहेत. हा खडक भोवतालच्या सपाटीपासून ३४८ मीटर उंच आहे आणि त्याचा परीघ सुमारे साडेनऊ किलोमीटर आहे. २६ ऑक्टोबर १९८५ रोजी त्याची मालकी आनंगू या मूळ रहिवाशांना परत मिळाली, आणि २६ ऑक्टोबर २०१९ पासून त्यावर चढणे कायमचे बंद झाले. पायथ्याच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर काही ठिकाणी छायाचित्र न घेण्याच्या पाट्या आहेत. आनंगूंच्या दृष्टीने तिथला खडक, त्यावरील भेगा आणि डाग हे धर्मग्रंथासारखे आहेत; ते वाचायचे तर जागेवर जाऊनच, आणि त्यांतले काही फक्त पुरुषांसाठी किंवा फक्त स्त्रियांसाठी आहे. आपल्याकडे गाभाऱ्यात कॅमेरा न काढणाऱ्याला हे समजावून सांगावे लागू नये. पाटीच्या हद्दीत कॅमेरा पिशवीत ठेवावा, आणि दुरून टेलीफोटोने तोच भाग टिपू नये. व्यावसायिक उपयोगासाठी परवाना लागतो.

उद्यानात मुक्काम करता येत नाही आणि ते संध्याकाळनंतर बंद होते, जून-जुलैत साडेसातला. त्यामुळे खडकावर तारे असे चित्र आतून मिळत नाही. मावळतीला पश्चिमेकडील वाहनतळ आणि उगवतीला तालिंगुरू न्याकुन्यजाकु हे ठिकाण, एवढे सर्वांना ठाऊक असते. माझी शिफारस अशी की एक संध्याकाळ वाहनतळावर घालवल्यावर दुसऱ्या संध्याकाळी काटा जुटाकडे जावे. ३६ घुमटांचा तो समूह उलुरूपेक्षा उंच आहे, आणि घुमटांमधल्या सावल्यांमुळे चित्राला खोली मिळते, जी एकाच खडकात मिळवणे कठीण असते. युलाराला येताना डावीकडे दिसणारा सपाट माथ्याचा डोंगर उलुरू नव्हे. तो माउंट कॉनर. त्याला उलुरू समजून चित्रे काढणारे इतके असतात की गमतीने त्याचे 'फूलुरू' असे नाव पडले आहे.

स्थानिक लोकांची छायाचित्रे घेता येतात का?

आधी विचारावे, नकार मिळाला तर कॅमेरा खाली. अनेक आदिवासी समूहांत मृत व्यक्तीचे नाव उच्चारणे आणि तिचे चित्र दाखवणे टाळतात, त्यामुळे एका चित्राने पुढे कुणाला यातना होऊ शकतात.

ड्रोन न्यावा का?

नेऊ नये. कायद्याने १२० मीटरच्या वर उडवता येत नाही, माणसांपासून ३० मीटर अंतर राखावे लागते आणि बहुतेक राष्ट्रीय उद्यानांत परवानगीशिवाय तो चालतच नाही. उरलेल्या आकाशात वेज-टेल्ड गरुड असतो, आणि आपल्या हद्दीत शिरलेल्या ड्रोनवर तो झडप घालतो.

भर दुपारी काय काढावे?

घळी. ॲलिस स्प्रिंग्जपासून सुमारे ५० किलोमीटरवरील स्टँडली चॅझम या अरुंद कपारीत दुपारी बाराच्या आसपासच ऊन तळापर्यंत पोहोचते आणि दोन्ही भिंती परस्परांवर परावर्तित उजेड टाकून आतून तापल्यासारख्या दिसतात. पांढऱ्या खोडाचे घोस्ट गम वृक्षही दुपारच्या निळ्या आकाशापुढे उठून दिसतात; अरेर्न्ते या आदिवासी समूहातले जलरंग चित्रकार अल्बर्ट नमतजिरा यांनी (१९०२–१९५९) याच डोंगररांगा आणि हीच झाडे रंगवली. त्यांची चित्रे आधी पाहून जावे. सावलीतला जांभळा रंग कुठे शोधायचा, हे त्यांतून कळते. दूरच्या प्राण्यांची चित्रे मात्र दुपारी काढू नयेत, कारण तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते आणि महागडी टेलीफोटो लेन्सही त्यापुढे हतबल ठरते.

रात्रीच्या आकाशासाठी काय तयारी हवी?

अमावास्येच्या आसपासची तारीख आणि रुंद कोनाची लेन्स. मुंबईहून आकाशगंगेचे केंद्र क्षितिजापासून जास्तीत जास्त ४२ अंशांवर येते. ॲलिस स्प्रिंग्जला जूनमध्ये मध्यरात्री ते जवळजवळ डोक्यावर असते. महाराष्ट्रातून जवळपास न दिसणारे मॅजेलनचे दोन्ही मेघ (या शेजारच्या छोट्या दीर्घिका आहेत) इथे नुसत्या डोळ्यांनी दिसतात. एफ २.८, आयएसओ ३२०० आणि २० सेकंद ही सुरुवात ठेवावी. २० मिमी लेन्सवर २५ सेकंदांच्या पुढे तारे रेषेसारखे लांबतात. आदिवासी परंपरेत ताऱ्यांइतकेच त्यांमधल्या काळोखालाही रूप आहे : दक्षिण क्रॉस या तारकासमूहाजवळचा काळा डाग हे एमूचे डोके आणि आकाशगंगेतला काळा पट्टा हे त्याचे शरीर. तो एमू चौकटीत पूर्ण मावेल अशी रचना करून पाहावी.

धूळ, माश्या आणि मोबाइल?

लेन्स बदलायचीच असेल तर गाडीच्या काचा बंद करून, पंखा बंद ठेवून बदलावी. धूळ आधी फुंकणीने उडवावी. कापडाने पुसल्यास काचेवर ओरखडे उठतात. माश्यांसाठी टोपीवरून घ्यायची जाळी मिळते. ती घालून व्ह्यूफाइंडरला डोळा लावता येत नाही, तेव्हा मागचा पडदा वापरावा. गावे सोडली की फोनला रेंज नसते. दोन माणसांसाठी किमान २० लिटर पाणी गाडीत असावे, उपग्रहाद्वारे संकेत पाठवणारे आपत्कालीन यंत्र भाड्याने घ्यावे, आणि गाडी बंद पडल्यास ती सोडून चालू लागू नये. आपत्कालीन क्रमांक ००० आहे.

आठवण म्हणून थोडी लाल माती किंवा दगड आणता येईल का?

उलुरू-काटा जुटा उद्यानातून काहीही उचलणे बेकायदेशीर आहे. ज्यांनी पूर्वी उचलले, त्यांतले कितीतरी जण ते दगड माफीच्या पत्रासह टपालाने उद्यानाकडे परत पाठवतात; तिथे त्यांना 'सॉरी रॉक्स' असेच म्हणतात. तिपाईच्या सांध्यांत अडकलेली धूळ मात्र न मागता घरी येते. पाय सुटे करून ते साध्या पाण्याने धुवावेत, पूर्ण वाळू द्यावेत आणि मगच पुन्हा जोडावेत; नाही तर पुढच्या पावसाळ्यात तिपाईचे सांधे करकरू लागतात.